सोयाबीनच्या वाणाची शुद्धता तपासताना या चुका टाळा

पिशवीच्या टॅगवर ‘शुद्धता ९८ टक्के’ वाचून बरेच शेतकरी निर्धास्त होतात. मोठी गफलत इथेच होते. तो आकडा भौतिक शुद्धतेचा असतो. काडीकचरा, माती आणि इतर पिकांचे दाणे वगळून सोयाबीन किती, एवढंच तो सांगतो. जेएस ३३५ या वाणात दुसऱ्या वाणाचे तसेच दिसणारे दाणे मिसळले असतील, तर तेही त्यात शुद्धच धरले जातात. किमान ७० टक्के उगवणशक्तीवरूनही वाण कळत नाही.

वाणाची भेसळ पकडायची ती उभ्या पिकात. प्रमाणित बीजोत्पादनात भेसळ झाडं ०.५० टक्क्यांपर्यंत चालतात, पायाभूतमध्ये, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं त्यात, फक्त ०.१० टक्के. म्हणजे हजार झाडांत पाच आणि एक. बांधावरून चक्कर मारून हे कसं दिसणार? आत शिरून चार-पाच ठिकाणी झाडं मोजावीच लागतात.

फुलोरा हातचा घालवू नका. जेएस ३३५ ची फुलं जांभळी, जेएस २०-३४ ची पांढरी. फुलं बारीक आणि पानांच्या बेचक्यात असतात, त्यामुळे झाड वाकवून पाहा. फुलं गळाली की ही खूण गेली. पुढे शेंगांवरून हात फिरवा: ३३५ ची शेंग गुळगुळीत असते, लव लागली तर ते झाड परकं. उंची किंवा पिवळेपणावरून मात्र झाडं उपटू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की अस्सल वाणही पिवळा पडतो.

पेरणीआधीही एक सोपी तपासणी होते. उगवण चाचणीतली रोपं उजेडात वाढू द्या. जांभळ्या फुलांच्या वाणात बीजपत्रांखालच्या (पहिल्या दोन जाड पानांखालच्या) दांड्यावर जांभळी झाक येते, पांढऱ्या फुलांच्या वाणात तो हिरवा राहतो. ३३५ म्हणून घेतलेल्या बियाण्यात हिरव्या दांड्याची रोपं निघाली तर भेसळ आहे. सगळे दांडे जांभळे निघाले तरी वाण पक्का ठरत नाही, कारण जांभळ्या फुलांचे वाण अनेक आहेत.

भेसळ झाड मुळासकट उपटा आणि शेताबाहेर न्या. शेंगा भरलेलं झाड धुऱ्यावर टाकलं, तर ते कापणीत गंजीत येतं.

सोयाबीन स्वपरागी आहे, म्हणजे फुलात त्याच फुलाचे पराग पडतात, म्हणून विलगीकरण अंतर (दुसऱ्या वाणाच्या शेतापासूनचं) ३ मीटर पुरतं. खरी भेसळ होते ती मळणीत. आधीच्या शेतातले दाणे थ्रेशरच्या चाळण्यांत आणि जाळीत अडकलेले असतात. यंत्र रिकामं चालवून झाडून घ्या, सुरुवातीचं एक पोतं बियाण्यात धरू नका. बारदाना नवाच वापरा, जुन्या पोत्याच्या शिवणीत दाणे राहतात. माझ्या मते बीजप्लॉट बिघडण्याचं मळणीतली ही भेसळ हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

विकतच्या बियाण्यात भेसळ निघाली तर पीक मोडायची घाई करू नका. पावती, टॅग, पिशवी आणि थोडं शिल्लक बियाणं जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार तपासणाऱ्या समितीचा पंचनामा फुलोऱ्यातच होईल असं पाहा.