ॲबिसिनियाची १८६८ची मोहीम टेबलावर आणायची असेल तर

आफ्रिकेतल्या वसाहतकाळातल्या युद्धावर वॉरगेमचा सिनॅरिओ, म्हणजे खऱ्या मोहिमेवर बेतलेला नकाशा-सोंगट्यांचा डाव, करायचा म्हटलं की सगळे आधी झुलू युद्धाकडे पळतात. लाल कोट, भाले, एक छोटं ठाणं, झालं. माझं म्हणणं असंय की आपल्याकडच्या माणसाने पहिला सिनॅरिओ करावा तो ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, कारण ती फौज निघाली मुंबईहून, तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबई आर्मीचाच कमांडर-इन-चीफ, आणि तिच्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या, ज्यांच्यात आपल्या कोकणातले आणि देशावरचे मराठा, महार शिपाई भरती व्हायचे. नाशिकमध्ये आमचा रविवारी मिसळ झाल्यावर टेबल मांडून बसणारा ग्रुप आहे, त्यातल्या निम्म्या लोकांनी या मोहिमेचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि आता तेच लोक सारखे हाच सिनॅरिओ मागतात.

आधी गोष्ट थोडक्यात. सम्राट तेवोद्रोसने १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं, त्याला उत्तरच आलं नाही, मग त्याने ब्रिटिश कॉन्सल कॅमेरॉन आणि बाकीच्या युरोपियनांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला १३,००० सैनिक, त्यांच्या मागे बाजारबुणग्यांसकट हजारो माणसं आणि ४४ हत्ती धरून ४०,००० च्या आसपास जनावरं तांबड्या समुद्राच्या काठावर झुलाला उतरली. तिथून मगदालाचा डोंगरी किल्ला साधारण ६५० किलोमीटर. १० एप्रिल १८६८ ला अरोगीला लढाई झाली, १३ एप्रिलला मगदाला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली.

आता इथेच नवीन डिझायनर अडकतो. अरोगीला इथिओपियाची ७०० च्या आसपास माणसं मेली आणि नेपियरचे २० जखमी, त्यातले २ नंतर दगावले. ब्रिटिश सैनिकांकडे मागून गोळी भरायची नवी स्नायडर रायफल होती. हे आकडे बघितले की हात शिवशिवतात, वाटतं तेवोद्रोसचे काउंटर, म्हणजे तुकड्या दाखवणाऱ्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, जरा स्ट्राँग करू म्हणजे गेम बॅलन्स होईल. कृपा करून हे करू नका. लढाई एकतर्फी होती तर ती टेबलावर पण एकतर्फीच दिसू द्या, चुरस दुसरीकडे शोधायची आणि ती रसदीत आहे, पावसाळ्याच्या आत परत फिरण्यात आहे आणि वाटेतल्या राजांच्या मर्जीत आहे.

टर्न, म्हणजे खेळातली एक पाळी, दहा दिवसांचा धरा. नेपियर स्वतः जानेवारीच्या सुरुवातीला उतरला आणि जूनच्या पावसाआधी फौज परत किनाऱ्याला आणणं भाग होतं, म्हणजे पंधरा टर्न. एका दुपारीत संपतो.

नकाशाला वॉरगेममध्ये नेहमी असतात तशी षटकोनी घरं नकोत. एवढ्या मोठ्या प्रदेशात फौज एकाच वाटेने गेली, त्यामुळे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा पुरतात: झुला, कुमायली, सेनाफे, आडिग्राट, अंटालो, पुढे दोनतीन टप्पे, मग बेशिलो नदी, अरोगी, मगदाला. दुसऱ्या बाजूने देब्रे ताबोरहून मगदालाकडे येणारी तेवोद्रोसची वाट. कुमायली ते सेनाफे हा घाट वेगळ्या रंगाने काढा, कसारा घाट चढून इगतपुरीला आल्यावर हवा बदलते ना, तसंच, फक्त इथे चढ जवळपास ८,००० फुटांचा आहे आणि खाली पाणी नाही की गवत नाही. झुलाला पिण्याचं पाणी जहाजांवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून बनवायला लागत होतं, तेव्हा झुलाला जितके जास्त काउंटर साचतील तितकी जनावरं मरतील असा साधा नियम ठेवा. प्रत्यक्षात तिथे खेचरं रोगाने आणि तहानेने पटापट मेली.

आता मुख्य भाग, खेचरांचं गणित. हे नीट जमलं की बाकीचा सिनॅरिओ आपोआप उभा राहतो. एक खेचर काउंटर म्हणजे १,००० जनावरं, ते ६ पॉइंट रसद उचलतं. पण जनावर स्वतः पण खातं, म्हणून प्रत्येक टप्प्याला जाताना १ आणि येताना १ असे २ पॉइंट वजा. झुलाहून निघालं तर कुमायलीला ४ पोचतात, सेनाफेला २, आडिग्राटला शून्य. म्हणजे नुसत्या स्वतःच्या जोरावर फौज आडिग्राटच्या पुढे जाऊच शकत नाही. खेळाडूला हे पहिल्या दोन टर्नमध्ये कळलं पाहिजे आणि त्याला घाम फुटला पाहिजे.

मग त्याला दोन वाटा द्या. पहिली रेल्वे. झुला ते कुमायली असा रूळ खरोखरच टाकला होता, त्यासाठी इंजिनं आणि सामान भारतातून नेलं होतं. चार टर्न मजूर काउंटर तिथेच अडकवले की रेल्वे तयार, तो टप्पा फुकट, आता गणित कुमायलीपासून सुरू होतं आणि आडिग्राटला २ पोचतात. दुसरी वाट म्हणजे चांदीचे मारिया तेरेसा थालेर. तिकडचे लोक दुसरं नाणं घ्यायला तयार नव्हते म्हणून ब्रिटिशांनी ऑस्ट्रियाहून हे थालेर मागवून घेतले. पठारावर ज्या टप्प्यात तुम्ही थालेर खर्च करता तिथे चारा-धान्य विकत मिळतं आणि तो टप्पा काही खात नाही. रेल्वे आणि थालेर दोन्ही असतील तर सेनाफेला पोचलेले ४ पॉइंट पुढे कुठेही ४च राहतात.

पण विकत मिळायला विकणारा पाहिजे, आणि इथे तिसरा खेळाडू येतो, उत्तरेकडच्या तिग्रे प्रांताचा सरदार कासा. हा सिनॅरिओ दोघांत खेळता येतो पण तिघांत तो खरा फुलतो. अंटालोपर्यंतचा बाजार उघडायचा की बंद ठेवायचा हे कासा ठरवतो. त्याला ब्रिटिश जिंकले काय, तेवोद्रोस जिंकला काय, फार फरक पडत नाही, त्याला बंदुका आणि तोफा पाहिजेत, कारण सम्राट गेल्यावर गादीसाठी त्याला लास्ता प्रांताच्या गोबेझेशी भिडायचंय. इतिहासात नेपियरने जाताना त्याला शस्त्रं दिली, १८७१ मध्ये कासाने गोबेझेला हरवलं आणि १८७२ मध्ये तो योहानेस चौथा म्हणून सम्राट झाला. आमच्या टेबलावर कासा खेळणारा माणूस सगळ्यात जास्त बोलतो, सौदे करतो, आणि नेपियर त्याच्याकडे बघून दात-ओठ खातो.

तेवोद्रोसची बाजू मात्र मन लावून लिहा, नुसता टार्गेट करून ठेवू नका. तो मोठ्या स्वप्नांचा माणूस होता, विस्कळीत देश एकत्र आणायला निघालेला, आणि शेवटच्या वर्षांत प्रचंड क्रूर झालेला, हे दोन्ही नियमांमधून दिसायला पाहिजे. त्याच्याकडे सेवास्तोपोल नावाची सात टनांची अवजड उखळी तोफ होती, युरोपियन कारागिरांकडून ओतून घेतलेली, आणि ती देब्रे ताबोरहून मगदालाला ओढत न्यायला त्याने डोंगरात रस्ता खणत खणत महिने घालवले. म्हणजे ही शर्यत आहे! नेपियर उत्तरेकडून आणि तेवोद्रोस पश्चिमेकडून एकाच किल्ल्याकडे. तोफ बरोबर असेल तर टर्नला एकच टप्पा, आणि दर टर्नला फासा टाकून सैन्य किती पळून गेलं ते बघायचं. तोफ सोडून दिली तर वेग वाढतो पण धाक कमी होतो आणि माणसं आणखी पळतात. धाकासाठी शून्य ते दहा अशी पट्टी काढा. माणसं मारून, जाळपोळ करून धाक वाढवता येतो, पण तेवढ्या भागातली रयत कायमची विरोधात जाते आणि तिथे धान्य मिळत नाही.

एक नाशिककर म्हणून सांगतो, आपल्या लोकांच्या डोक्यात रामशेज आणि साल्हेर असतात, त्यामुळे तेवोद्रोस हातात आला की प्रत्येकजण किल्ल्यात बसून राहतो, किल्ला काही वर्षं लढेल अशा भरवशावर. मगदालाला दाणापाणी थोडं ठेवा म्हणजे त्याला बाहेर पडून काहीतरी करावंच लागेल: बेशिलोच्या दरीत वाट अडवायची, कासाला फितवायचं, किंवा कैद्यांवरून बोलणी सुरू करायची.

कैदी हा सगळ्यात नाजूक भाग. ते जिवंत सुटले नाहीत तर नेपियर हरला, किल्ला घेतला असला तरी. तेवोद्रोसने त्यांना लवकर सोडलं तर लंडनमध्ये मोहिमेचं कारणच संपतं, मग दर टर्नला नेपियरचा खर्च दुप्पट मोजा. खर्चाची पट्टी हवीच. सुरुवातीचा अंदाज २० लाख पौंडांचा होता आणि बिल गेलं ९० लाखांच्या जवळ, शिवाय हिंदी सैनिकांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच गेला. माझ्या शीटवर म्हणून खर्चाच्या दोन पट्ट्या आहेत, लंडन आणि कलकत्ता, आणि नेपियर खेळणारा माणूस बहुतेक वेळा सगळं कलकत्त्याच्या माथी मारतो.

मगदालाच्या लुटीला पॉइंट देऊ नका. तिथून हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधल्या वस्तू गेल्या, त्या वाहायला १५ हत्ती आणि २०० च्या आसपास खेचरं लागली असं सांगतात, आणि तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला, तो तिथेच अठराव्या वर्षी १८७९ मध्ये वारला. या सगळ्यावर बक्षीस ठेवलं तर टेबलावरचा माणूस लुटीच्याच मागे लागतो. माझा नियम एवढाच: लूट उचलली तर एक खेचर काउंटर परतीच्या रसदीतून कमी, आणि सम्राटाच्या गादीवर बसायला बघणाऱ्या कासाचं नेपियरबद्दलचं मत एक घर खाली.

टेस्टिंग करताना पहिले दोन डाव एकट्यानेच तिन्ही बाजूंनी खेळा आणि फक्त रसदीची नोंद ठेवा, लढाई फासा टाकून उरका. दहाव्या टर्नच्या आसपास नेपियरचे तीनचार काउंटर बेशिलोला पोचत असतील आणि बाकीची फौज मागे ठाण्यांवर वाटली गेली असेल तर आकडे बरोबर आहेत. सगळीच फौज पोचत असेल तर खेचरं कमी करा, कोणीच पोचत नसेल तर थालेर वाढवा, लढाईच्या तक्त्याला, म्हणजे फाशावरून निकाल बघायच्या कोष्टकाला, हात लावू नका. नकाशा ए थ्रीवर झेरॉक्स काढून पुठ्ठ्याला चिकटवला तरी चालतो, आणि काउंटरवर पलटणींची नावं मराठीतच लिहा, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी तुकडीचा, काउंटर हातात आला की नवीन माणूस लगेच विचारतो हे लोक तिकडे कसे पोचले, आणि मग त्याला नियम समजवायला अर्धा वेळ पुरतो.