घर, मुलं आणि नर्सिंगचं शिक्षण: तिन्ही एकदम कसं निभवावं

नर्सिंगला प्रवेश घेताना बहुतेकांचा हिशोब सारखाच असतो: दिवसा कॉलेज, रात्री मुलं झोपली की अभ्यास. नुसते वर्ग चालू असतात तोवर हे कसंबसं जमतंही. मग क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातली शिकाऊ ड्यूटी, लागते. भल्या पहाटे घर सोडा, ड्यूटीभर उभे राहा, घरी येऊन उद्याचा केअर प्लॅन (रुग्णाच्या देखभालीचा आराखडा) लिहा. आणि मुलाचा ताप काही पोस्टिंग बघून चढत नाही. अशा वेळी दिवसातून आणखी एक तास पिळून काढायची धडपड फार दिवस टिकत नाही. घरातली काही कामं हातातूनच नव्हे, डोक्यातूनही काढून टाकावी लागतात.

१. पोस्टिंगचं रोटेशन आधी, बाकी सगळं नंतर

सत्र सुरू होताच पोस्टिंगच्या तारखा, नाइट ड्यूट्या, इंटर्नल परीक्षा आणि केस प्रेझेंटेशन एका मोठ्या कॅलेंडरवर उतरवा आणि ते घरात सगळ्यांना दिसेल असं लावा. फक्त मोबाइलमध्ये ठेवलेलं वेळापत्रक तुमच्याशिवाय कोणी बघत नाही. त्याच आठवड्यात कॉलेजला विचारून घ्या: क्लिनिकलची हजेरी किती लागते, बुडलेले तास कधी आणि कसे भरून काढायचे, मूल आजारी पडलं तर कोणाला कळवायचं. गरज पडण्याआधी विचारलेलं बरं. ऐनवेळी सांगितलं की तेच कारण सबब वाटू लागतं.

२. घराचीही ओव्हर द्या

वॉर्डात ड्यूटी बदलताना आपण "जरा लक्ष ठेवा हं" एवढं म्हणून निघत नाही. कोणत्या बेडवर कोण, काय दिलं, काय बाकी आहे, काय झालं तर डॉक्टरांना बोलवायचं, हे सगळं सांगतो. यालाच 'ओव्हर देणं' म्हणतात. घरी मात्र "थोडी मदत करत जा" म्हणतो आणि मग मदत होत नाही म्हणून चिडतो.

शाळेचंच घ्या. नवऱ्याने, बायकोने, आजीने किंवा आणखी कोणी मुलाला शाळेतून आणायचं, एवढं ठरवून भागत नाही. शाळेची सूचना वाचणं, दप्तर तपासणं, उद्या रंगीत कागद न्यायचाय हे लक्षात ठेवणं, हे सगळं त्याच माणसाकडे जायला हवं. नाहीतर आणायला दुसरं कोणी जातं, पण वॉर्डात रुग्णाचं बीपी घेता घेता रंगीत कागद तुम्हालाच आठवतो.

एका कागदावर लिहून ठेवा: मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, तापाचं औषध कुठे आहे आणि वजनाप्रमाणे किती द्यायचं, तुमचा फोन बंद असताना कोणाला लावायचा. शाळेतून तातडीने मुलाला आणू शकतील अशा दोन माणसांची नावं शाळेला कळवून ठेवा. एकच ठेवलं तर नेमकं तेच माणूस त्या दिवशी गावाला गेलेलं असतं.

आता अवघड भाग. काम सोपवलं की तपासत बसू नका. कपड्यांच्या घड्या वाकड्या पडतील. पडू द्या.

३. वाचू नका, आठवा

जाड पुस्तक उघडून तासभर अधोरेखित करणं दमलेल्या माणसाला सोयीचं वाटतं, पण हाती फारसं लागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. तुटक वेळ असलेल्या पालकांना हे सोयीचंच आहे, कारण आठवायला टेबल-खुर्ची लागत नाही.

फार्मा, म्हणजे औषधांचा विषय, गटागटाने करा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल: शेवट 'ओलॉल', म्हणजे बीटा ब्लॉकर, द्यायच्या आधी नाडी आणि बीपी बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल: शेवट 'प्रिल', म्हणजे एसीई इनहिबिटर, रुग्णाला कोरडा खोकला आहे का विचारा. भांडी घासता घासता एक गट होतो.

डोसची गणितं मात्र कागदावरच करा, रोज एक. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट १ मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. परीक्षेच्या आदल्या रात्री अशी वीस गणितं करण्यापेक्षा रोजचं एक केव्हाही चांगलं.

४. नाइट ड्यूटीत दिवसाची सोय बघा

रात्री मुलांजवळ कोण झोपणार हे सगळे ठरवतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपलेले असताना मुलांना कोण बघणार, हे ठरवायचं राहतं. घरात दिसणारी आई किंवा बाबा म्हणजे मोकळीच व्यक्ती, असं लहान मूल धरून चालतं. म्हणून खोली अंधारी, फोन बंद आणि दाराबाहेर जबाबदार मोठं माणूस, एवढी तजवीज पोस्टिंगआधी करा.

नाइटनंतर स्वतः गाडी चालवत येणं टाळता आलं तर टाळाच. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढासळते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन संशोधनात दिसलं होतं.

५. आधी हात, मग मिठी

बूट दाराशी काढा, युनिफॉर्म वेगळा धुवा, हात साबणाने धुवा. वॉर्डात जुलाबाचे रुग्ण असतील तर नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका; क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर एक्स-रे विभागात किंवा केमोथेरपीच्या वॉर्डात पोस्टिंग लागण्याआधीच ट्यूटरना सांगा. यात संकोच कसला?

६. मुलांना पेशंट करा

प्रॅक्टिकलची तयारी आणि मुलांसोबतचा वेळ इथे एकत्र येतात. बँडेज बांधा, हात धुण्याच्या पायऱ्या त्यांच्याकडून म्हणून घ्या, मनगटावर नाडी शोधून पूर्ण मिनिटभर मोजा. मग त्यांना तुमची मोजू द्या. त्यांच्या नाडीचा आकडा बहुधा जास्त निघेल. का, ते समजावून सांगताना तुमची बालरुग्ण परिचर्येची उजळणी होते.

७. एखादा विषय राहिला तर

आधी मार्क बघा, मग कारण शोधा. तुम्ही लेखीत अडकलात की प्रॅक्टिकलमध्ये, की त्या पोस्टिंगच्या काळात घरी कोणी आजारी होतं? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पुन्हा परीक्षा कधी, तोवर पुढच्या सत्राला बसता येतं का, मध्ये खंड घेतला तर जागा राहते का, हे कार्यालयातून लेखी घ्या आणि मगच घरी चर्चेला बसा.