मॉनिटर जोडल्यावर आवाज गेला, तर

एचडीएमआय केबलने लॅपटॉपला मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की चित्र लगेच दिसते, पण लॅपटॉपचे स्पीकर अनेकदा गप्प होतात. अशा वेळी स्पीकर बिघडले असे समजून दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये. जुनी व्हीजीए केबल फक्त चित्राचे संकेत नेत असे, तर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट चित्राबरोबर डिजिटल ध्वनीही नेतात, त्यामुळे विंडोज बहुधा नव्या मॉनिटरलाच ध्वनीचे साधन मानून सगळा आवाज तिकडे वळवते. मॉनिटरला स्वतःचे स्पीकर नसतील, तर तो आवाज कुठेच उमटत नाही.

विंडोज ११ मध्ये टास्कबारच्या उजव्या टोकाला असलेल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावे आणि आवाजाच्या पट्टीशेजारचे बटण दाबावे, म्हणजे जोडलेल्या सर्व ध्वनिसाधनांची यादी उघडते. तीत मॉनिटरऐवजी लॅपटॉपचे स्पीकर निवडले की आवाज त्याच क्षणी परत येतो. मॉनिटरला हेडफोनची खाच असेल, तर मात्र मॉनिटरचीच निवड ठेवून बाहेरचे स्पीकर त्या खाचेत जोडणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण लॅपटॉप उचलताना एकच केबल काढावी लागते.

अक्षरे धूसर दिसत असतील, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातील आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, पडद्याच्या ठिपक्यांइतकीच आहे का, हेही तपासावे. एलसीडी पडद्यावरील ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली असते; १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर १२८० बाय ७२० चे चित्र ताणून बसवावे लागते आणि त्यात अक्षरांच्या कडा पसरतात.