ईसीयूचा बॅकअप: ट्यूनला हात लावण्याआधी

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कंप्यूटर, आणि ट्यूनिंग म्हणजे त्याच्या आतले आकडे बदलणं. ट्यूनिंग शिकायला लागलेल्या माणसाचं सगळं लक्ष बूस्ट, टॉर्क लिमिटर आणि इंजेक्शनच्या मॅपवर असतं. बॅकअप म्हणजे टूलवर 'रीड' दाबायचं, फाइल सेव्ह करायची आणि पुढे जायचं, इतकंच वाटतं. इथेच घात होतो. ओबीडी, फ्लॅश, हेक्स एडिटर हे शब्द तुम्हाला नवे नाहीत असं धरून लिहितोय, म्हणून बाकीचं थोडक्यात सांगेन. 'व्हर्च्युअल रीड' मात्र नीट समजेपर्यंत सोडणार नाही, कारण या सापळ्यात सापडलेल्या माणसाला आपण सापडलोय हे महिनोन्‌महिने कळत नाही.

आधी ईसीयूच्या आत काय असतं ते बघू. एक म्हणजे प्रोग्रॅम फ्लॅश. इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर आणि आपण ज्यात बदल करतो ते कॅलिब्रेशन (मॅपमधले आकडे), दोन्ही तिच्यात. दुसरी म्हणजे ईईप्रॉम, त्या एका गाडीची स्वतःची माहिती ठेवणारी छोटी मेमरी. बॉशच्या ईडीसी१६ सारख्या जुन्या ईसीयूत फ्लॅश आणि ईईप्रॉम या बोर्डवरच्या वेगवेगळ्या चिप असतात, आणि काही प्रकारांत प्रोसेसरच्या आतही वेगळी फ्लॅश असते. ईडीसी१७, मेड१७ या पिढीत बरंचसं ट्रायकोर प्रोसेसरच्या आतच गेलं. उदाहरणार्थ टीसी१७९७ मध्ये ४ एमबी प्रोग्रॅम फ्लॅश आणि ६४ केबी डेटा फ्लॅश असते, आणि ती डेटा फ्लॅशच ईईप्रॉमचं काम करू शकते. इम्मोबिलायझरची माहिती, चॅसिस नंबर, इंजेक्टरचे कोड, डीपीएफमधल्या (डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधल्या) राखेचा हिशोब, शिकलेली अॅडॅप्टेशन्स हे सगळं साधारणपणे या छोट्या भागात राहतं. मॅप बिघडला तर गाडी नीट पळत नाही. हा भाग गेला तर ती सुरूच होत नाही.

आता तो सापळा. बऱ्याच नव्या ईसीयूत ओबीडीतून, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टातून, फ्लॅश वाचताच येत नाही. कंपनीने लिहिण्याची सोय ठेवलेली असते, कारण वर्कशॉपला अपडेट टाकावे लागतात. वाचण्याची गरज वर्कशॉपला नसते, म्हणून ते दार बंद. तरीही टूल तुम्हाला फाइल देतं. कसं? गाडीकडून हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर विचारतं आणि त्या नंबरची कंपनीची फाइल सर्व्हरवरून उतरवून घेतं. हेच व्हर्च्युअल रीड. स्क्रीनवर पट्टी सरकते, शेवटी रीड पूर्ण झाल्याचं दिसतं, फोल्डरमध्ये नीट नावाची फाइल येते. त्या फाइलमधला एकही बाइट तुमच्या गाडीतून आलेला नसतो.

यात काय बिघडतं? गाडी खरोखर कोरी, म्हणजे कंपनीतून आली तशीच असेल तर मॅपच्या बाबतीत फारसं काही नाही, एवढा धीर धरा. पण गाडी आधी कोणी ट्यून केलेली असेल, तर ट्यूनर मॅप बदलतो आणि सॉफ्टवेअर नंबर सहसा तसाच ठेवतो. टूलला जुनाच नंबर दिसतो, सर्व्हर कंपनीची फाइल देतो आणि तुम्ही समजता की गाडीत हेच आहे. समजा आधीच्या मालकाने मोठे इंजेक्टर बसवले होते आणि त्याप्रमाणे कॅलिब्रेशन केलं होतं. तुमचा बदल जमला नाही म्हणून तुम्ही 'ओरिजिनल' परत टाकता. आता ईसीयू जुन्या इंजेक्टरच्या हिशोबाने उघडण्याचा वेळ काढतो, मोठा इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त इंधन सोडतो, आणि गाडी कालपर्यंत होती त्याहून वाईट चालते. जी फाइल घेऊन गाडी तुमच्याकडे आली, ती आता कुठेही नाही. शिवाय व्हर्च्युअल रीडमध्ये या गाडीचा ईईप्रॉम नसतो. ईसीयू मेला आणि दुसऱ्यावर क्लोन (हुबेहूब नक्कल) करायची वेळ आली, तर ती फाइल अर्ध्याच कामाची.

ओळखायचं कसं? पहिली खूण वेळ. ओबीडीवरचा कॅन, म्हणजे गाडीतले मोड्यूल ज्यावरून बोलतात ती तारांची जोडी, बहुतेक गाड्यांत सेकंदाला ५०० किलोबिटचा असतो. ४ एमबी म्हणजे सुमारे ३ कोटी ३५ लाख बिट. एकही बिट वाया गेला नाही असं मानलं तरी ६७ सेकंद झाले. प्रत्यक्षात कॅनच्या प्रत्येक फ्रेममध्ये ८ बाइट माहितीभोवती आयडी, सीआरसी वगैरे असतं, वर दोन्ही बाजूंची सवाल-जबाबाची वाट बघणं, त्यामुळे खरं वाचन कित्येक मिनिटं चालतं. अशा गाडीतून ४ एमबीची फाइल १० सेकंदांत हातात आली तर ती गाडीतून आलेली नाही. दुसरी खूण इंटरनेट. ते बंद केल्यावर रीड अडत असेल तर संशय घ्या. काही टूल परवाना तपासायलाही इंटरनेट मागतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. तिसरं, टूलच्या प्रोटोकॉल यादीत त्या ईसीयूपुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि नवखे लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

ओबीडीच्या मोड ०९ मधून मिळणारे कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन हे दोन आकडे बदल करण्याआधी टिपून ठेवा. सीव्हीएन हा कॅलिब्रेशनवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. कॅलिब्रेशन आयडी तोच, पण सीव्हीएन कोऱ्या गाडीपेक्षा वेगळा असेल, तर कोणीतरी आधी हात मारलाय असं समजा. उलट बाजूने मात्र खात्री नाही. काही ट्यूनमध्ये सीव्हीएनचं उत्तरही जुनंच ठेवलेलं असतं.

ओबीडीतून खरं वाचन होत नसेल तर बेंच किंवा बूट मोड. बेंचमध्ये ईसीयू गाडीतून काढून कनेक्टरच्या पिनांवरून वाचतात, बूटमध्ये बहुधा झाकण उघडून बोर्डवर वायर किंवा प्रोब लावावा लागतो. माझं ठाम मत आहे: बेंच चालत असेल तर नवख्याने झाकणाला हात लावू नये. झाकण चिकटवलेलं असतं. ते उचकटताना स्क्रू ड्रायव्हर बोर्डवर घसरला की बॅकअपचा प्रश्न संपतो आणि ईसीयूचा सुरू होतो.

इग्निशन बंद केल्या केल्या कनेक्टर ओढू नका. मेन रिले काही काळ चालू राहतो आणि त्या वेळात ईसीयू शिकलेली मूल्यं ईईप्रॉममध्ये लिहीत असतो. काही मिनिटं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग कनेक्टर. बेंचवर करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय वापरा, १२ ते १३.५ व्होल्ट, लिमिट २ अॅम्पिअर. नुसता जागा असलेला ईसीयू सहसा १ अॅम्पिअरच्या आत घेतो. सप्लाय लगेच लिमिटला टेकला तर तिथेच बंद करून पॉझिटिव्ह-ग्राउंड परत तपासा. करंट ठीक आहे पण संवाद होत नाही, तर सप्लाय बंद ठेवून कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतील तर ६० च्या आसपास दिसतं. १२० दिसलं तर एक टोक मोकळं आहे. शून्याजवळ दिसलं तर तारा कुठेतरी भिडल्यात.

गाडीवरच काम करणार असाल तर व्होल्टेज हा सगळ्यात मोठा शत्रू. इंजिन बंद, इग्निशन चालू, अशा अवस्थेत मोड्यूल जागे असतात आणि कधीकधी रेडिएटरचा फॅनही फिरायला लागतो. नीट क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा, १३ व्होल्टच्या वर स्थिर. साधा स्मार्ट चार्जर चालणार नाही, कारण तो बॅटरीच्या स्थितीप्रमाणे आपला आउटपुट बदलत राहतो. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, अपडेट बंद, केबल सरळ यूएसबी पोर्टात. एक दिलासा देतो: नुसतं वाचताना संवाद तुटला तर ईसीयू सहसा मरत नाही, कारण फ्लॅशमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. काही टूल वाचण्यासाठी छोटा कोड ईसीयूच्या रॅममध्ये टाकतात, तोही पॉवर काढली की जातो. अपवाद आहे तो लक्षात ठेवा. काही ईसीयूत वाचण्याआधी 'अनलॉक' म्हणून बदललेला प्रोग्रॅम फ्लॅश करावा लागतो. तिथे वाचण्याच्या नावाखाली तुम्ही लिहीत असता, म्हणून तयारीही लिहिण्याचीच हवी.

फाइल आली की ईसीयू पुन्हा एकदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी बदलतो) काढा. प्रोग्रॅम फ्लॅशच्या फाइल तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. ईईप्रॉममध्ये मधे इग्निशन चालू-बंद झालं असेल तर काही बाइट बदलणं स्वाभाविक आहे, तिथे घाबरू नका. बूट मोडमध्ये ईसीयूचं स्वतःचं सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून तिथे ईईप्रॉमही जुळायला हवा. मग आकार बघा. १ एमबीची पूर्ण चिप म्हणजे १०,४८,५७६ बाइट, २ एमबी म्हणजे २०,९७,१५२. अपेक्षेपेक्षा लहान फाइल म्हणजे टूलने फक्त कॅलिब्रेशनचा भाग दिला असण्याची शक्यता मोठी. हेक्स एडिटरमध्ये उघडून सॉफ्टवेअर नंबर अक्षरांत शोधा. अधूनमधून एफएफने भरलेले रिकामे पट्टे दिसणं चांगलं लक्षण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा कचरा, कुठेही एफएफ नाही, कुठेही वाचता येणारं अक्षर नाही, तर फाइल बहुधा एन्क्रिप्टेड आहे.

इथे शिकवणाऱ्यांबद्दल बोलावंच लागेल. स्लेव्ह टूल, म्हणजे दुसऱ्याच्या मास्टर टूलला बांधलेलं टूल, घेतलं की त्याची फाइल फक्त त्या मास्टरवाल्याकडेच उघडते. 'ओरिजिनल माझ्याकडे आहे, तू काळजी करू नको' असं म्हणणारा माणूस कितीही भला असो, त्याचं दुकान बंद झालं किंवा त्याच्याशी बिनसलं की तुमचा बॅकअप त्याच्याबरोबर जातो. त्याच दिवशी, कामाला हात लावण्याआधी, उघडी (एन्क्रिप्ट न केलेली) बिन फाइल मागून घ्या. चांगला गुरू ती न मागता देतो. तसंच 'त्याच मॉडेलची फाइल माझ्याकडे आहे' हेही ऐकू नका. ती तुलनेसाठी उत्तम, बॅकअप म्हणून नाही. हार्डवेअर नंबर जुळत नसलेली फाइल लिहून ईसीयू गमावणं सहज शक्य आहे. नकली टूलबद्दल एकच: वाचण्यापुरतं चाललं म्हणून लिहिण्यालाही चालेल असं समजू नका.

आता वादाचा मुद्दा. मी म्हणतो, बदललेली फाइल टाकण्याआधी न बदललेली फाइल एकदा परत लिहून बघा. ही उगाच जोखीम आहे असं अनेक जण म्हणतात. पण ती जोखीम ट्यून टाकताना घ्यायचीच आहे. मग निदान पहिल्यांदा अशा फाइलने घ्या, जिच्यात दोष नाही हे माहीत आहे. टूल, केबल, व्होल्टेज सगळ्याची परीक्षा होते, आणि पुढे ट्यून टाकल्यावर गाडी बिघडली तर दोष मॅपमध्ये शोधायचा हे पक्कं होतं. हे फक्त फ्लॅशपुरतं. ईईप्रॉम गरज नसताना परत लिहू नका, जुने हिशोब नव्यावर चढतात. व्हर्च्युअल रीडची फाइलही या परीक्षेला वापरू नका, ती गाडीतलं खरं पुसून टाकेल.

याच वेळी चेकसमकडे, म्हणजे फाइल शाबूत आहे का ते तपासण्यासाठी तिच्यातच ठेवलेल्या बेरजांकडे, बघा. हात न लावलेल्या फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडायला नको. टूल 'तीन चेकसम दुरुस्त केले' म्हणालं, तर फाइल आधीच कोणीतरी बदललेली आहे, किंवा वाचन खराब झालंय, किंवा टूलला हा ईसीयू नीट कळलेला नाही. तिन्हींत पुढे जाण्याची घाई नको.

फाइलच्या नावात चॅसिस नंबरचे शेवटचे सहा अंक, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर, तारीख, वाचण्याची पद्धत आणि 'ओरी' लिहा. 'नवी', 'फायनल', 'फायनल२' अशी नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत. त्याच फोल्डरमध्ये ईसीयूच्या लेबलचा फोटो, आधीचे फॉल्ट कोड, इंजेक्टर कोड आणि सीव्हीएनची टिपण ठेवा. फाइल रीड-ओन्ली करा आणि लॅपटॉपबाहेर आणखी दोन ठिकाणी ठेवा.

वर्कशॉपमध्ये गाडीला सॉफ्टवेअर अपडेट मिळालं की जुन्या फ्लॅशचा बॅकअप आता त्या गाडीत असलेल्या सॉफ्टवेअरचा राहत नाही. पुन्हा वाचा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, जुना पुसू नका. आणि टॉर्क वाढवताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लिमिटलाही हात लागणार असेल, तर टीसीयूचा (गिअरबॉक्सच्या कंप्यूटरचा) बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. इंजिनच्या फाइलमध्ये तो येत नाही.