विज्ञानकथेच्या कॉमिक्समध्ये चुका शोधताय? मग या चुका टाळा

एका चौकटीतलं चित्र दुसरीशी जुळत नाही, अशा चुका शोधताना पहिल्याच वाचनात पेन्सिल घेऊन बसू नका. आधी गोष्ट मनसोक्त वाचा. दुसऱ्या वेळी मात्र संवादांच्या फुग्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका, कारण नजर एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उड्या मारत जाते आणि मागची खिडकी, घड्याळ, यानाचं पॅनेल सगळं निसटतं. एकच वस्तू धरा, उदाहरणार्थ नायिकेच्या हेल्मेटवरचा तडा, आणि तीच चौकटीगणिक तपासत शेवटच्या पानापर्यंत जा. एका बैठकीत सगळं पकडायला गेलात तर काहीच धड हाती लागत नाही.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे बरोबर असलेल्या चित्राला चूक ठरवणं. यात चित्रकारावर खरोखर अन्याय होतो. समजा, कथा चंद्रावरच्या तळावर घडते आहे. दहा पानं झाली तरी खिडकीतली पृथ्वी जागची हललेली नाही. ‘तेच चित्र पुन्हा चिकटवलंय!’ असं म्हणायची घाई करू नका. चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते, म्हणून तिथल्या आकाशात पृथ्वी जवळपास एकाच जागी दिसते. मात्र ती स्वतःभोवती फिरताना दिसते. एका चौकटीत भारत समोर असेल आणि पुढच्या चौकटीत अमेरिका, तर मधे साधारण अर्धा दिवस गेला. संवाद सलग चालू असेल तर ती खरी चूक. पृथ्वीच्या कलाही पाहा. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा चंद्रावरून पूर्ण पृथ्वी दिसते, तीही आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या साधारण पावणेचारपट रुंद. तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे तासाभराच्या प्रसंगात बाहेरच्या सावल्या लांब-आखूड झाल्या तर अवश्य नोंद करा. दिवसाच्या काळ्या आकाशात तारे नाहीत म्हणून मात्र नाक मुरडू नका. उन्हात उजळलेल्या जमिनीपुढे ते फिके पडतात.

गोष्ट पुण्यात घडत असेल तर चित्रातल्या चंद्राचा पडताळा अगदी सोपा. फाल्गुन-चैत्रात सूर्य मावळल्यावर पर्वती टेकडीवरून पश्चिमेकडे बघा. द्वितीया-तृतीयेची चंद्रकोर होडीसारखी आडवी दिसेल, उजळ बाजू खाली, मावळलेल्या सूर्याकडे. त्याच संध्याकाळच्या चित्रात वरची कड उजळलेली असेल तर चित्रकार चुकला. तरीही शंका उरली तर टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत विचारा. १९४४ पासून ही संस्था हौशी आकाशनिरीक्षकांची आहे.

छपाईचे दोष चित्रकाराच्या माथी मारू नका. मार्वल कॉमिक्समधला महाकाय हल्क १९६२च्या पहिल्या अंकात करडा होता. तो रंग छपाईत एकसारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात; त्यांच्या काही जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत डावीकडून वाचता यावं म्हणून चित्रं आरशातल्यासारखी उलटी छापली आणि उजव्या हाताची पात्रं डावखुरी झाली. एकच पात्र अधूनमधून हात बदलत असेल तरच तिथे थांबा.

पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, किंवा रस्त्याकडेच्या ढिगात जुना अंक मिळाला तर आधी पान क्रमांक मोजा. गंजलेल्या पिनांतून मधला कागद सुटला की सलग चार पानं जातात आणि कथा उडी मारल्यासारखी वाटते. दुसरा एखादा कागद गेला तर दोन पानं आधीची आणि दोन नंतरची, मग तर गोंधळ आणखी वाढतो.

नोंद करताना ‘यान बदललंय’ एवढंच लिहू नका. दोन्ही पानांचे आणि चौकटींचे क्रमांक, आधी काय होतं, नंतर काय दिसतं आणि कथेत मधे किती वेळ गेला, हे सगळं लिहा. मालिका चालू असेल तर त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा. नाहीशी झालेली जखम किंवा पुढे सरकलेलं घड्याळ हा लेखकाने मुद्दाम पेरलेला धागाही असू शकतो, आणि तो पुढच्या अंकातच उलगडतो.