‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न मला कसा जमू लागला

दहावीच्या पहिल्या चाचणीत भूगोलाचे माझे बरेच गुण गेले. उत्तरपत्रिका पाहिल्यावर लक्षात आले की नकाशा बरोबर होता, मात्र ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात मी पाठ केलेली वाक्ये क्रम सोडून लिहिली होती.

ब्राझीलमधील ‘अवर्षण चतुष्कोन’, म्हणजे तेथील ईशान्येकडचा कमी पावसाचा प्रदेश, अनेकदा वाचूनही माझ्या ध्यानात राहत नसे. साताऱ्यातील आमच्या घरी बाबांनी जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून एवढेच विचारले, “महाबळेश्वरला इतका पाऊस पडतो, मग माण तालुका कोरडा का?” नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होऊन घाटमाथ्यावर पाऊस देतात आणि पूर्वेकडे उतरताना त्यांत बाष्प फारसे उरत नाही, हे मला ठाऊक होते, कारण माझे आजोळ माण तालुक्यातल्याच म्हसवडचे आहे. ब्राझीलमध्ये समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना तेथील उच्चभूमी अडवते आणि तिच्यापलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, हे त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजले.

तेव्हापासून मी प्रत्येक कारण पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर बाणांनी जोडत लिहितो, जो दुवा सुटतो तो लाल पेनाने भरतो आणि तेच कारण तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर लिहितो. नुसत्या वाचनापेक्षा याला वेळ अधिक लागतो, हे खरे आहे. धाकट्या भावालाही मी 1942 चे ‘छोडो भारत’ आंदोलन आणि साताऱ्याचे प्रतिसरकार असेच जोडून शिकवले. सहामाहीत माझे एकही कारण अर्धवट राहिले नाही.