१९५६-५७ चा नॉर्थ कॅरोलायनाचा बास्केटबॉल हंगाम कसा अभ्यासावा

जुन्या हंगामाचा अभ्यास करताना आधी त्या काळचे नियम समजून घ्यावेत. अमेरिकी विद्यापीठांच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती आणि चेंडू ठरावीक वेळात बास्केटकडे फेकण्याचे बंधनही नव्हते. त्यामुळे चेंडू आपल्याकडेच खेळवत ठेवून बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला थोपवणे शक्य होते.

त्यानंतर स्थानिक प्रतिस्पर्धी पाहावेत. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठ-गटाच्या स्पर्धेतील विजेत्यालाच राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळत असल्याने, तोवर अपराजित असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टवर ६१-५९ असा निसटता विजय मिळवलेला उपांत्य सामना मला अंतिम सामन्याइतकाच मोलाचा वाटतो.

राष्ट्रीय अंतिम सामन्याचा तपशील मात्र सावकाश वाचावा. सामना सुरू करण्यासाठी वर फेकलेल्या चेंडूवरील उडीला नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी कॅन्ससच्या सात फुटांहून उंच विल्ट चेंबरलेनसमोर सहा फुटांच्या आतबाहेरचा टॉमी कर्न्स उभा केला, आणि तीन जादा सत्रांनंतर कॅन्सस ५४-५३ असा हरला. आदल्याच रात्री मिशिगन स्टेटविरुद्धही तीन जादा सत्रे झाली होती, हे ध्यानात घेऊनच खेळाडूंच्या दमछाकीचा अंदाज बांधावा.